गादीवाले मेजर

“हात जातोय का?”

पडद्याच्या पलीकडून मेजर विचारायचे. अलीकडे नव्या गादीवर एखादी बाई उताणी पडलेली असायची, पदर गच्च धरून, नजर पंख्याला लावून. मी तिच्या कमरेखाली तळहात सरकवून बघायचे.

“जातोय,” मी सांगायचे.

“मोकळा जातोय का ढकलत?”

“ढकलत.”

“मग हीच. उठा ताई, सापडली तुमची गादी.”

हात मोकळा गेला तर गादी कडक, कंबर अधांतरी राहिली. हात शिरलाच नाही तर गादी फार मऊ, माणूस बुडालं. हात जावा, पण जरा अडत जावा. मेजरांचं सगळं शास्त्र एवढंच. त्यावर त्यांनी सांगलीच्या विश्रामबागेत गाद्यांचं दुकान चौदा वर्षं चालवलं.

तुम्हीही गादी घ्यायला गेला असाल. आपण काय करतो? बोटानं दाबून बघतो, मूठ आपटतो, फार तर कडेला टेकून दोनदा उसळतो. ज्या वस्तूवर पुढची दहा-बारा वर्षं काढायची ती पाच मिनिटांत ठरवून टेम्पो बोलावतो. मेजरांकडे हे चालत नसे. गिऱ्हाईक आत आलं की पहिला हुकूम, “चपला बाहेर. पोझिशन घ्या.” मग पंधरा मिनिटं पडायचं, आणि तेही घरी ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर. नवरा एकटाच आला तर त्याला माघारी धाडायचे. “तुमची पाठ आणलीसा. त्यांची कुठं हाय? घरी ठिवून गादी घेता व्हय?”

खरं तर ते मेजर नव्हतेच. हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आपल्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही लोक मेजरच म्हणतात, आणि त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. त्यांचं गाव वाळव्याकडचं, घरी उसाची जमीन भावाकडे. निवृत्तीनंतर गाद्या का विकायला घेतल्या, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “चोवीस वर्षं कुठं कुठं झोपलो सांगू? बर्फात, ट्रकात, दगडावर, एकदा तर बटाट्याच्या पोत्यांवर. कुठली जागा माणसाला झोप देती आणि कुठली मोडून टाकती, एवढंच मला येतंय. बाकी काय येतंय मला?”

मला त्या दुकानात नोकरी मिळाली ती माझ्या हातासाठी. पुरुष गिऱ्हाईक असलं की मेजर स्वतः हात घालून बघायचे. बायकांचं काय? आधी त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो, दुकानात येऊन बसत. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर मेजरांनी दाराला पुठ्ठा लावला, ‘बाई पाहिजे’. मी तो तीनदा वाचला आणि आत गेले.

“शिक्षण किती लागतं?” मी विचारलं. हाच प्रश्न आधी विचारून टाकायची मला सवय आहे, म्हणजे नकार लवकर मिळतो.

“तुमचं किती हाय?”

“आठवी.”

“पाठीला इंग्रजी येत न्हाई ताई. या उद्यापासनं.”

मी कोयनेकडची. कोयनानगरपासून आणखी वर, डोंगरातली वाडी. शाळा आठवीतच सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि मुलीला एवढं लांब कोण पाठवतो? सांगलीला यायच्या आठ वर्षं आधी नवरा गेला. लेक दहावी झाली तेव्हा भाऊ म्हणाला, झालं की, आता बास. तिला बास होऊ द्यायचं नव्हतं म्हणून मी तिला घेऊन सांगलीला आले. तिचं अकरावीला नाव घातलं, कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. नोकरी टिकली तर लेक शिकणार, नाही तर परत वाडी आणि परत माझंच आयुष्य तिच्या वाट्याला. माझं सगळं त्या एका नोकरीवर होतं, आणि नोकरी माझ्या उजव्या हातावर होती. सकाळी कुलूप काढताना आजचा दिवस निघू दे म्हणायचे, संध्याकाळी लावताना, आजचा दिवस निघाला म्हणून देवाचे आणि मेजरांचे आभार मानायचे.

मेजरांची गिऱ्हाइकाशी बोलणी ऐकण्यासारखी असायची. हळदीच्या पेठेतले एक वयस्कर व्यापारी आले. कंबर धरूनच आले.

“एकदम कडक दाखवा मेजर. फळीसारखी.”

“मग फळीच न्या की. गादी कशाला?”

“चेष्टा करू नका. डॉक्टर म्हणाले, कडकवर झोपा.”

“डॉक्टरनं बुडू नका म्हणून सांगितलंय, आवं. शिक्षा न्हाई सांगितली. तुमी कुशीवर झोपता का उताणं?”

“कुशीवर.”

“मग खांदा कुठं जाणार? भिंतीला खांदा लावून हुबं ऱ्हावा, तसं हुतंय ते. वरनं जरा मऊ पायजे, खालनं काथ्या. घ्या पोझिशन.”

व्यापारी पडले. पंधरा मिनिटांनी बघितलं तर घोरत होते. मेजरांनी ओठावर बोट ठेवून मला गप्प बसवलं आणि दुकानातला पंखा त्यांच्याकडे वळवला. पाऊण तासानं जागे झाले, ओशाळले, आणि तीच गादी घेऊन गेले.

लग्नाची गादी घ्यायला येणाऱ्यांशी मात्र त्यांचं हटकून वाजायचं. मुलीचा बाप येणार, सगळ्यांत जाड गादीवर हात ठेवणार, म्हणणार, “ही द्या, मांडवात उठून दिसली पाहिजे.” मेजर म्हणायचे, “मांडवात कोण झोपणार हाय? पोरीला आना, जावयाला आना.” बाप चिडायचा. लग्नाआधी जावयाला गादीवर झोपवून बघायचं, हे कुठल्या रीतीत बसतं? अशी किती तरी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. मेजरांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. दुकान नीट चालेल का, या काळजीत मीच असायचे.

आणि त्यांची एक पद्धत होती, तिला सगळी पेठ हसायची. पंधरा दिवस झोपून बघा, पाठ दुखली तर गादी परत आणा. त्या पद्धतीनंच माझा घात झाला म्हणा, किंवा मला वाचवलं म्हणा.

कुपवाडच्या एक शिक्षिका परत आल्या. रागावल्या नव्हत्या, पण सकाळी उठवत नाही म्हणाल्या. मेजरांनी त्यांना त्याच प्रकारच्या गादीवर पुन्हा पडायला सांगितलं आणि पडदा ओढला.

“हात जातोय का?”

मी हात घातला. काय सांगू? मला काही कळतच नव्हतं. महिनाभर माझा उजवा हात सकाळी बधिर असायचा. आधी बधिरपणा तासाभरानं उतरायचा, मग दुपारपर्यंत राहायला लागला. तोवर मी अंदाजानं सांगत आले होते.

“जातोय,” मी म्हणाले. “ढकलत.”

“पुन्हा घाला.”

“ढकलतच जातोय.”

तेवढ्यात त्या बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, “अहो मेजर, यांचा हात बर्फासारखा गार लागतोय. आणि कमरेखाली तर नाहीच, तो गादीच्या शिवणीवर फिरतोय.”

मी तिथंच गादीच्या कडेला बसले आणि रडायला लागले. त्या बिचाऱ्या बाई उठून मलाच थोपटायला लागल्या.

बाई गेल्यावर मेजरांनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, “माझं चुकलं. उद्यापासून येत नाही.” त्यांनी ऐकल्यासारखंच केलं नाही. विचारलं, “कवापासनं?”

“महिना झाला.”

“म्हंजे महिन्याभराच्या सगळ्या बायकांच्या पाठी बगायला लागतील.”

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी दुकान दुपारी बंद करून त्यांनी टेम्पो काढला. मी म्हटलं, “आवं, माझ्या हाताला कळत न्हाई!” म्हणाले, “उजवा रजेवर हाय. डाव्याला ड्यूटी.” आणि तीन दुपारी आम्ही सांगली, मिरज, कुपवाड फिरलो, घरोघर. दार उघडलं की मेजर हात जोडून सांगायचे, “आमच्याकडनं तपासणीत चूक झालीया, ताईंना जरा पुन्हा पडायला सांगा.” माझं नाव एकदाही घेतलं नाही. आतल्या खोलीत मी डाव्या हातानं बघायचे, बाहेर मेजर चहा पीत बसायचे. अकरा घरांपैकी दोनच गाद्या चुकीच्या निघाल्या. त्या बदलून दिल्या.

त्या फेरीत आम्हाला दुसराच रोग सापडला. सात घरांत गादीवरचं प्लास्टिक तसंच होतं! वरून चादर घातलेली, हललं की चुरचुर आवाज. सांगलीचा उकाडा आणि पाठीखाली प्लास्टिक. मिरजेच्या एका घरात मेजरांनी खिशातला चाकू काढला तशा आजीबाई आडव्या आल्या.

“आवं, काढू नगा! गादी खराब हुईल!”

“आणि पाठ खराब झालेली चालती?”

“पाठ काय, हायच की आपली. गादी नवी हाय.”

यावर मेजर एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग त्यांनी आजींना विचारूनच प्लास्टिक काढलं, घडी घालून आजींच्या हातात दिलं, म्हणाले, “हे कपाटात ठिवा. ते खराब व्हायला नको.”

तिसऱ्या दिवशी परत येताना टेम्पोत त्यांनी विचारलं, “आता सांग. तू कशावर झोपतीस?” पहिल्यांदाच ते मला अगं-तुगं बोलले.

फरशीवर, मी सांगितलं. आधी त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कुशीवर झोपता, हात अंगाखाली दबतो, खाली कडक फरशी, नस आखडते. अंथरूण बदला, नाही तर हे वाढत जाईल. मेजर त्याच पावली काकींना घेऊन माझ्या खोलीवर आले.

लेकीला कॉट होती, तिच्यावर बरी गादी. माझं अंथरूण दाराशी. फरशीवर एक पातळ वाकळ, उशी दाराच्या चौकटीला लागून.

काकी म्हणाल्या, “अगं, दारात का? वारं लागतंय. तिकडं आत झोप की.”

लेकच बोलली. “आई झोपतच नाही काकी. ती भूकंपाची वाट बघते.”

मला शरमेनं मान वर करवेना. पण खरं होतं. आमच्या कोयनेकडे जमीन हलते. फार नाही, पण हलते. लहानपणापासून दाराशी झोपायची सवय, म्हणजे पोरंबाळं घेऊन बाहेर पडता येतं. नवरा होता तोवर त्याला जाग यायची. तो गेल्यावर जागं राहायचं काम माझ्याकडे आलं. आणि गादीवर मी झोपत नव्हते त्याचं कारण मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं. फरशीला आधी कळतं. जमीन हलली की पहिली थरथर पाठीला लागते, भांडी वाजायच्या आधी. जाड गादी ती थरथर गिळून टाकील आणि मला जाग येणार नाही. मग लेकीला कोण उठवणार?

आता हसतील, असं मला वाटलं. सांगलीतलं कुणीही हसलं असतं.

मेजर दाराजवळ मांडी घालून बसले. फरशीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, “बरोबर हाय. पहिली खबर जमिनीलाच लागती. आमी बी असंच कान लावून झोपायचो.” हात उचलला आणि म्हणाले, “पण एक सांग. पलटणीत सगळी जागी असत्यात का? एक संत्री जागा ऱ्हातो, बाकीची झोपत्यात. त्याची बी दर दोन तासांनी बदली हुती. तू आठ वर्षं एकटीच ड्यूटीवर हायस. तुझी बदली कोण करणार?”

मी म्हटलं, “कोण हाय मला?”

त्यांनी लेकीकडे बघितलं. “पोरी, घरात स्टीलचं ताट हाय? आणि चार पेले?”

लेकीनं आणले. मेजरांनी ताट फरशीवर पालथं घातलं, त्याच्या बुडावर एक पेला, पेल्यावर दुसरा, असा मनोरा रचला. मग शेजारी फरशीवर टाच आपटली. पेले खणाणले आणि वरचे दोन घरंगळत कॉटखाली गेले. काकी दचकून “आई गं!” म्हणाल्या.

“हा तुमचा संत्री,” मेजर म्हणाले. “ह्याला झोप येत न्हाई, पगार बी लागत न्हाई. आजपासनं ड्यूटी ह्याची. तू झोपायचं, ही ऑर्डर हाय.”

दार मात्र त्यांनी सोडायला लावलं नाही. “जागा हालवायची न्हाई. दार तुझंच.” दाराच्या चौकटीपासून कपाटापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं आणि तेवढ्याच मापाची गादी बनवली. खाली काथ्या, वर चार बोटं मऊ फोम, कुशीवर झोपणाऱ्या बाईचा खांदा आत जाईल एवढा. गादी तयार झाली त्या दिवशी दुकानात पडदा ओढून काकींनी माझ्या कमरेखाली हात घातला. दुसऱ्याच्या हाताखाली आपली पाठ ठेवायला किती अवघड वाटतं, ते मला तेव्हा कळलं. खोळ मी स्वतः शिवली. पैशाचं विचारलं तर मेजर म्हणाले, “दुकानाचा हात बिघडलाय. तो दुरुस्त करायचं काम दुकानाचंच.”

लगेच झोप लागली असं समजू नका. पहिल्या रात्री लेक पाणी प्यायला उठली, तिचा पाय ताटाला लागला आणि आम्ही दोघी रस्त्यावर. गल्ली जागी झाली. दुसऱ्या रात्री मांजर. मेजरांना सांगितलं तर ते खूश! “म्हंजे संत्री पक्का हाय. तीनदा खोटी खबर दिली तरी चालंल. एकदा झोपला तर न्हाई चालत.” हळूहळू मात्र माझे कान त्या पेल्यांवर पडायचे आणि उरलेलं अंग सुटं व्हायचं. महिन्याभरात हाताला मुंग्या येणं थांबलं. मग पडद्याआडून विचारलं की मी उजव्या हातानं बघून सांगायला लागले, आणि ते खरं असायचं.

आता मेजर सांगलीत नाहीत. मुलगाही फौजेतच. त्याची बदली सीमेवर झाली, सून आणि तान्हं नातवंड अंबाल्याला एकटी, म्हणून दोघं तिकडे गेली. दुकान पुतण्या बघतो, पडद्याची बाजू अजून माझी. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी मेजरांचा फोन येतो. तब्येत वगैरे नंतर, आधी विचारतात, “आठवड्यात पाठी किती बगितल्या?” मी आकडा सांगते. पलीकडे बाळ रडत असतं. “ह्याला पाळण्यात झोप येत न्हाई,” परवा सांगत होते. “छातीवरच झोपतंय. आता मीच गादी झालोय, आणि माझी तपासणी कोण करत न्हाई.”

माणूस लांब गेला की त्याच्या दहा गोष्टी आठवतात. मला सगळ्यांत जास्त आठवते ती एकच सकाळ.

गादी येऊन दीड-दोन महिने झाले असतील. दुकानाची किल्ली तेव्हा माझ्याकडेच असायची, साडेनऊला शटर मीच उघडायचे. त्या दिवशी डोळे उघडले तर खोलीत भलताच उजेड. लेक कॉलेजला गेलेली. आवाज न करता आवरून, मला ओलांडून. घड्याळात पावणेअकरा. मी मोबाईल उचलला. एकही फोन आलेला नव्हता. त्यानं जास्तच धडकी भरली. म्हणजे मला वगळूनच टाकलं, असं वाटलं. तोंडावर पाणी मारलं, केस तसेच बांधले आणि किल्ली मुठीत धरून पळत सुटले.

कोपऱ्यावर आले तर शटर बंद. पायरीवर मेजर बसलेले. शेजारी जतकडचं एक म्हातारं जोडपं, लोकरीचं घोंगडं मांडीवर घेऊन. पहाटेच्या एसटीनं गादीसाठी आलेली माणसं. चहाचे पेले रिकामे झाले होते.

म्हातारा म्हणत होता, “आवं मेजर, फोन तरी लावा की त्या बाईला. किती वेळ बसायचं?”

“न्हाई लावायचा.”

“मग कुणाला तरी धाडा. घर लांब हाय व्हय?”

“हाकेच्या अंतरावर हाय. पर आठ वर्षांनी झोपलीय ती, पाव्हणं. बसू की जरा. तुमच्या मेंढरांचं सांगा.”

मी तिथंच थांबले. मग म्हातारीनं मला बघितलं आणि नवऱ्याला कोपर मारलं.

“चुकलं,” मी म्हणाले. “जागच आली न्हाई.”

मेजरांनी विचारलं, “डोळा कवा लागला?”

“दहाला. लेक अभ्यास करत होती तेव्हा.”

ते बोटांवर मोजायला लागले. बारापर्यंत गेले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. तोंडावर असा आनंद की जणू मी दहावीची परीक्षा पास होऊन आले आहे.

म्हातारी म्हणाली, “मग आमाला बी हिचीच गादी द्या.”

“ती हिच्या पाठीची हाय, आजी. तुमी तुमची पाठ घेऊन आत चला.”

त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. एरवी मेजर शटर एका झटक्यात वर फेकायचे, गल्लीच्या टोकापर्यंत खडखडाट जायचा. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात खाली घातले आणि शटर वीत वीत करत वर नेलं, अगदी बिनआवाज. आत कुणी अजून झोपलेलं असावं, तसं.